घरात बंदूक, हातात नेम

कोकणात एखाद्या जुन्या घरी गेलात, तर क्वचित भिंतीला टांगलेली ठासणीची बंदूक नजरेस पडते. डुकरा-वानरांपासून शेत राखण्यासाठी परवाना काढून घेतलेली. घरधनी अभिमानाने सांगतो, "आजोबांच्या वेळेची आहे." पण नेम कोणाला येतो म्हणून विचारले, की मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात! बंदूक असणे निराळे आणि ती चालवता येणे निराळे. हा फरक एका सबंध राष्ट्राला कसा उमगला, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

हे राष्ट्र म्हणजे अमेरिका. रान तोडून वसाहत केलेल्या त्या देशात खेड्यापाड्यांतून घरोघरी बंदूक असे. त्यामुळे 'आम्ही जन्माचेच नेमबाज' अशी लोकांची समजूत होऊन बसली होती. १८६१ साली उत्तर व दक्षिण राज्यांत यादवी युद्ध पेटले आणि ही समजूत कसाला लागली. शहरांतून भरती झालेल्या कित्येक तरुणांनी तर पूर्वी बंदूक हातातही धरली नव्हती. कवायत झाली, पण निशाणावर गोळी मारण्याचा सराव फारच थोड्यांना मिळाला.

१८६३ च्या जुलैत गेटिसबर्गची मोठी लढाई झाली. नंतर रणांगणावरून सत्तावीस हजारांवर बंदुका गोळा केल्या, तेव्हा त्यांतल्या सुमारे चोवीस हजार भरलेल्याच आढळल्या, अशी नोंद आहे. हजारो बंदुकांत एकावर एक दोन-दोन बार ठासलेले होते. एकीत तर तेवीस! असे का व्हावे? धूर, आरडाओरडा, शेजारचा गडी कोसळलेला. अशा वेळी घाबरलेला शिपाई दारू भरी, गोळी घाली, गजाने ठाशी. पण आपला बार उडालाच नाही, हे त्याच्या ध्यानातच येत नसे. तो पुन्हा भरू लागे. बंदूक हाती होती, पण हाताला सवय नव्हती.

हे ज्यांच्या मनाला लागले, त्यांत न्यूयॉर्कच्या नागरी सेनेतील जॉर्ज विंगेट हे अधिकारी आणि लष्करी पत्राचे संपादक विल्यम चर्च हे प्रमुख होते. इंग्लंडात हाइथ येथे १८५३ पासून नेमबाजीची लष्करी शाळा चालू होती. विंगेट यांनी तिच्या पद्धतीचा अभ्यास केला आणि आपल्या लोकांसाठी सरावाचे पुस्तक लिहिले. पद्धत साधीच होती. आधी काडतुसाशिवाय उभे राहणे, बसणे, बंदूक खांद्याला लावणे. मग अंतर अजमावणे. मग श्वास रोखून चाप हळूच दाबणे. प्रथम जवळचे निशाण, मग दूरचे. आणि प्रत्येक गोळीची नोंद! बढाई मारायला तेथे जागाच नाही. कागद खरे ते सांगतो.

नोव्हेंबर १८७१ मध्ये न्यूयॉर्कला 'नॅशनल रायफल असोसिएशन' स्थापन झाली. आज हे नाव अमेरिकेच्या राजकारणातील वादांमुळे ऐकू येते. आरंभी मात्र तिचे काम होते नेम शिकविण्याचे. राज्य सरकारने पंचवीस हजार डॉलर दिले. लाँग आयलंडवर सुमारे सत्तर एकरांचे शेत घेऊन १८७३ साली क्रीडमूर येथे चांदमारीचे मैदान उघडले.

पुढच्याच वर्षी कसोटी आली. इंग्लंड-स्कॉटलंडला हरवून आलेल्या आयरिश संघाने अमेरिकेला आव्हान दिले. २६ सप्टेंबर १८७४ रोजी दोन्हीकडचे सहा-सहा नेमबाज आठशे, नऊशे आणि हजार वारांवरून उतरले. हजार वार म्हणजे अर्ध्या मैलाहून जास्त! आयरिश संघाकडे ठासणीच्या बंदुका, अमेरिकनांकडे मागून काडतूस भरण्याच्या. शेवटची एक गोळी उरली तेव्हा आयरिश संघाचे गुण ९३१, अमेरिकेचे ९३०. ती गोळी कर्नल बोडाइन यांची. नेमकी त्याआधी पेयाची बाटली फुटून त्यांचा हात कापला होता. हाताला रुमाल गुंडाळून त्यांनी नेम धरला आणि मध्यावर मारला. चार गुण मिळाले. ९३४ विरुद्ध ९३१!

पण या सामन्यातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. मिल्नर नावाच्या आयरिश नेमबाजाची एक गोळी अगदी मध्यावर बसली होती. मात्र शेजारच्या निशाणावर. गुण मिळाला शून्य. ते चार गुण मिळते, तर आयर्लंड एका गुणाने जिंकले असते. कसलेल्या माणसाचीही अशी चूक होते, मग न शिकलेल्याचे काय?

आपल्याकडेही याचे उदाहरण आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे याने २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून नेम धरायचा, ही वर्षानुवर्षांची तपश्चर्या आहे.

शिक्षकबंधूंनी मुलांना ही हकीकत जरूर सांगावी, आणि तिच्यासोबत पहिला धडाही द्यावा. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजावे, नळी कधीही माणसाकडे धरू नये, नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवू नये. गेटिसबर्गच्या शिपायांना आपली बंदूक भरलेली आहे, हे कळत नव्हते. "रिकामी आहे असे वाटले," म्हणून घरात होणाऱ्या अपघातांचे मूळही त्याच अज्ञानात आहे. तेव्हा ज्यांच्या घरी बंदूक आहे, त्यांनी ती नुसती पुसूनपासून भिंतीला लावू नये. जाणत्याकडून ती शिकून घ्यावी, आणि तोवर कुलपात ठेवावी.