जुनी भिंत, नवा जिना



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने इटलीतल्या सुटीच्या घराविषयी व्याख्यान द्यावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी इटलीला गेलेलो नाही. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात पुष्कळ झाले. परंतु ‘घर कोणाचे?’ हा प्रश्न मी तीस वर्षे चाळींतून आणि झोपडवस्त्यांतून ऐकत आलो आहे. त्याच प्रश्नाचा एक विलक्षण इतिहास मला वाचता वाचता त्या दूरच्या डोंगरगावात सापडला. तो आज आपल्यापुढे मांडतो.

इटलीच्या वायव्येस, फ्रान्सच्या सरहद्दीला लागून, लिगुरिया नावाचा प्रांत आहे. समुद्र आणि डोंगर यांच्यामध्ये चेपलेली ती एक चिंचोळी पट्टी. सान रेमो हे तिथले प्रसिद्ध शहर. जुगारगृह, गीतमहोत्सव आणि फुलांचा व्यापार यांसाठी नावाजलेले. त्याच्या पूर्वेस थोड्या अंतरावर टेकडीच्या माथ्यावर जुने बुसाना, म्हणजे त्यांच्या भाषेत बुसाना वेक्किया, हे गाव आहे. आज तेथे चित्रकार, शिल्पकार आणि मातीकाम करणारे कलावंत राहतात. त्यांच्या कामाच्या खोल्या गल्लीवरच उघडतात. काही घरांत सुटीला येणाऱ्या पाहुण्यांची भाड्याने सोय होते. दगडी कमानीचे छत, जाड भिंती, गच्चीवरून दिसणारा समुद्र. गावातल्या गल्ल्या इतक्या अरुंद की मोटार आत शिरत नाही, आणि शहरी पाहुण्याला त्याचेच कौतुक! मात्र अशा घरात एक गोष्ट बारकाईने पाहण्याजोगी असते. भिंती कित्येक शतकांच्या असतात. जिना मात्र अलीकडचा. भिंत जुनी आणि जिना नवा, असे का व्हावे? माझे आजचे सगळे व्याख्यान म्हणजे या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

त्यासाठी आपल्याला १८८७ सालापर्यंत मागे जावे लागेल. त्या वर्षी फेब्रुवारीच्या २३ तारखेला ख्रिस्ती लोकांचा राखेचा बुधवार होता. गोव्यातला कार्निव्हल ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की, आदल्या मंगळवारी नाचगाणे संपते आणि बुधवारी कपाळी राख लावून उपवासाचा काळ सुरू होतो. बुसानाचे लोक त्या पहाटे सांत एजिदियोच्या देवळात जमले होते. सकाळी सहा वाजून गेल्यावर धरणीकंप झाला आणि देवळाचे छप्पर माणसांवर कोसळले. आठशेच्या आसपास वस्तीच्या त्या गावात पन्नासाहून अधिक माणसे दगावली. जवळच्या बायार्दो गावात तर एकट्या देवळात दोनशेहून अधिक लोक गाडले गेले. सगळ्या प्रदेशातील बळींची संख्या सहाशेच्या वर गेली.

या भूकंपाचा अभ्यास तारामेल्ली आणि मेर्काल्ली या दोन शास्त्रज्ञांनी केला. भूकंपाची तीव्रता मोजणारी जी पट्टी पुढे जगभर वापरात आली, ती याच जुझेप्पे मेर्काल्ली यांच्या नावाची. या भागाला १८३१ सालीही मोठा धक्का बसला होता. तेव्हा तडे गेलेल्या भिंती कशाबशा लिंपून लोक पुन्हा त्याच घरांत राहू लागले होते. ओबडधोबड दगड, हलका चुना आणि वर दगडी कमानीचा बोजा. गरिबाचे घर भूकंपात का पडते, याचे उत्तर बरेचसे त्याच्या बांधणीत असते. हे आपल्याला नवीन नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी आणि आसपासच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे झोपेतच गेली. तिथली गावेही पुढे नव्या जागी वसवली गेली.

बुसानाचेही तसेच झाले. सरकारने गाव राहण्यास अयोग्य ठरवले. लोकांनी सात वर्षे लाकडी खोपट्यांत काढली आणि खाली समुद्राच्या बाजूला नवे बुसाना उभारले. १८९४ साली ते तेथे राहायला गेले. वरचे गाव ओस पडले. देवळाचा घंटेचा मनोरा उभा राहिला, पण देवळाला छप्पर राहिले नाही. आत गवत उगवले. अर्ध्या शतकापर्यंत त्या गल्ल्यांतून कोणी नांदले नाही.

आता इतिहासाचे ते पान, जे बहुधा घाईने उलटले जाते. दुसरे महायुद्ध संपले आणि इटलीच्या दक्षिण भागातून दारिद्र्याने पिचलेले लोक कामाच्या शोधात उत्तरेकडे येऊ लागले. लिगुरियाच्या किनाऱ्यावर फुलांची शेती होती, बांधकामे चालू होती, मजुरी मिळत होती. मजुरी मिळे, पण घर मिळेना. तेव्हा त्यांतली काही कुटुंबे टेकडीवर चढली आणि त्या ओसाड घरांत राहू लागली. पडक्या घरात चूल पेटवणाऱ्या बाईला ‘रम्य ग्रामीण जीवन’ वगैरे शब्द सुचत नसतात. पोरांना वारा लागू नये, एवढाच तिचा हिशेब.

सरकारने त्यांना राहू दिले नाही. १९५० नंतरच्या दशकात पोलिसांनी ती कुटुंबे हुसकून लावली. जागा धोक्याची आहे, असे कारण होते, आणि ते खोटेही नव्हते. पण ती पुन्हा येऊ नयेत म्हणून जे केले गेले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. घरांचे जिने तोडण्यात आले आणि उरलीसुरली छपरे पाडण्यात आली. ज्या जिन्यांना भूकंपाने सोडले होते, त्यांना सरकारने सोडले नाही! मी एका वस्तीत वाढलो. आमची वस्ती उठवायची ठरली तेव्हा पहिल्या दिवशी कोणी झोपडीला हात लावला नाही. आधी नळ तोडला. जिना काय नि नळ काय, रीत एकच. माणसाला ‘जा’ म्हणायचे नाही. त्याला राहता येणार नाही असे करून ठेवायचे.

या मोडलेल्या गावात १९५९ च्या सुमारास तोरिनोचा एक मातीकाम करणारा कलावंत आला. त्याचे नाव मारिओ जानी. कलाक्षेत्रात तो ‘क्लिझिया’ या नावाने ओळखला जाई. कलावंतांनी येथे एकत्र राहून काम करावे, अशी कल्पना त्याने मांडली. सिसिलीचा चित्रकार वान्नी जुफ्रे वगैरे मंडळी त्याला येऊन मिळाली. त्यांनी आपसांत नियम केले, त्यांतला एक मला फार मोलाचा वाटतो. घर दुरुस्त करून वापरावे, पण त्यावर कोणी मालकी सांगू नये. वीज नव्हती, नळ नव्हता, सांडपाण्याची सोय नव्हती. ढिगाऱ्यातलाच दगड, ढिगाऱ्यातलीच कौले निवडून त्यांनी घरे पुन्हा उभी केली. मोडलेले जिने त्यांनी नव्याने बांधले. भिंतीचे आणि जिन्याचे वय वेगळे का, ते आता आपल्या लक्षात आले असेल.

पुढे वस्ती वाढली आणि सरकारी हुकूम त्यांच्यावरही आला. २५ जुलै १९६८ रोजी पोलीस टेकडी चढून आले. गावकऱ्यांनी वाटेत अडथळे रचले होते. पण अडथळ्यांपेक्षा महत्त्वाची होती ती तेथे जमलेली देशोदेशीच्या वार्ताहरांची गर्दी. मारामारी नको म्हणून पोलीस परत गेले, आणि वस्ती टिकली.

बंधुभगिनींनो, येथे थोडे थांबू या. गाव तेच, घरे तीच, धोकाही तोच. पहिल्या खेपेस फुलांच्या मळ्यांतले आणि बांधकामावरचे मजूर होते. त्यांचे जिने तुटले. दुसऱ्या खेपेस चित्रकार होते. त्यांची छायाचित्रे निघाली. मी कलावंतांना दोष देत नाही. त्यांनी स्वतःच्या हातांनी दगड वाहिले, आणि संघटित राहिले म्हणून ते तरले. संघटनेचे बळ काय, हे मला कोणी शिकवायला नको. पण ज्याच्या बाजूने लिहिणारा कोणी नसतो त्याचा हक्क रात्रीत नाहीसा होतो, हेही त्याच टेकडीवर दिसले. क्लिझियाचे नाव आज आपण घेतले. त्या पहिल्या कुटुंबांपैकी एकाचेही नाव मला तुम्हाला सांगता येत नाही.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. वीज आली, पाणी आले, प्रवासी आले. प्रवाशांबरोबर पैसा आला, आणि मालकी नको म्हणणाऱ्या गावात खोल्यांचे भाडे सुरू झाले. इकडे सरकारचे म्हणणे असे की, मूळ रहिवासी नवे गाव घेऊन गेले, तेव्हा जुने गाव सरकारी मालमत्ता झाले. रहिवासी म्हणतात, तुम्ही दगडांचा ढीग टाकून गेलात. त्याचे घर आम्ही केले. हा वाद न्यायालयांतून गेला. कायद्याचा निवाडा कायदेपंडितांनी करावा. मला एवढेच दिसते की, कागद सरकारपाशी आहे आणि श्रम रहिवाशांपाशी. आणि या दोन्हींच्या खाली एक तिसरा थर आहे, ज्याचा दावा कोणी दाखलच केला नाही.

आपल्यापैकी कोणी कधी त्या गावी गेले, तर जरूर राहावे. कमानीखाली बसावे, समुद्र पाहावा, कलावंताच्या हातची एखादी मातीची वाटी विकत घ्यावी. त्या सुखाला माझी आडकाठी नाही. कष्ट करणाऱ्यालाही सुटी हवी, यासाठीच तर आम्ही भांडलो. फक्त रात्री वर निजायला जाताना जिन्यावर क्षणभर थांबावे. त्या जागी आधी दुसरा जिना होता. त्यावरून कोणाची तरी पोरे चढत-उतरत होती, आणि एके दिवशी तो तोडला गेला. हे ज्याला आठवले, त्याने त्या घराचे खरे भाडे दिले, असे मी म्हणेन.