शिकारीचं ओझं आणि बैलाचा आडोसा



ज्वारी निघाली की मोकळ्या रानात मेंढरं बसवायची पद्धत आपल्या तासगाव भागात अजून टिकून आहे. माणदेशाकडनं धनगर येतात. घोड्याच्या पाठीवर अख्खा संसार: भांडी, घोंगडी, वर बांधलेली कोंबडी, एखादं नुकतं जन्मलेलं कोकरू. संध्याकाळी जागेवर पोचलं की घोड्यावरनं वाघर उतरते. खुंट्या ठोकायच्या, जाळी ताणायची, मेंढरं आत घालायची.

या वाघरीत वाघ कुठनं आला, असं मला पोरांनी विचारलं. वाघाचा काही संबंध न्हाई. मूळ शब्द वागुरा, म्हणजे जनावर धरायचं जाळं. अमरकोशात जाळ्यानं शिकार करणाऱ्या माणसाला वागुरिक म्हटलंय. आपल्या जुन्या लोकांच्या बोलण्यातही वाघूर म्हणजे हरणं-सशांचं जाळं. आज जी जाळी मेंढरं राखायला गावोगाव फिरते, तिचं नाव शिकाऱ्याच्या जाळ्याचं आहे.

त्यावरनंच आजची नोंद. शिकारीच्या गोष्टी भरपूर ऐकल्या असतील, कुणी किती मारलं वगैरे. मला शिकारीच्या ओझ्याबद्दल लिहायचंय. गाडी न्हाई, सडक न्हाई, आणि चार-चार कोस माळ तुडवायचा. जाळी, फासे, खुंट्या, भाकरी, पाणी हे सगळं न्यायचं कसं? आणि शिकार झालीच तर परत आणायचं कसं?

गावच्या शिकारीचं सोपं होतं, ते आधी सांगून टाकतो. शेतकरी शिकारीला जायचा तो पिकाच्या रागानं, आणि फार लांब जायचा न्हाई. जाळं जड असलं तरी चालायचं. लांब बांबूला गुंडाळून दोघांनी दोन खांद्यांवर घ्यायचं, न्हाईतर बैलगाडीत टाकायचं. भाकरी पडशीत. पडशी म्हणजे दोन तोंडांची पिशवी, खांद्यावर टाकली की एक पोट पुढं, एक मागं, ओझं आपोआप तोललेलं. आमचा आज्जा बाजाराला शेवटपर्यंत पडशीच न्यायचा. ठासणीची बंदूक असली तर दारू बैलाच्या पोकळ शिंगात भरून कमरेला अडकवायची, म्हणजे ओल लागत न्हाई. गोफणीला तर ओझंच न्हाई, कमरेला गुंडाळली की झालं, आणि दगड रानात फुकट.

खरी अक्कल लांब चालणाऱ्यांची, म्हणजे पारध्यांची.

पारधी समाजाच्या पोटशाखांची नावं बघा. फासे लावणारे ते फासेपारधी. गाय घेऊन फिरणारे ते गाय पारधी. पाल पाठीवर टाकून हिंडणारे ते पाल पारधी. टाकी-हातोडी घेऊन जात्याला टाके घालत फिरणारे ते टाकणकार. चित्ता बाळगणारे ते चित्तेवाले. कुणाच्या खांद्यावर, हातात किंवा दाव्याला काय आहे, त्यावरनं माणसाचं नाव. ओझं हीच ओळख.

फासेपारध्यानं जाळं टाकून दिलं आणि फासा घेतला, यातच लांबच्या चालीचा हिशेब आहे असं माझं मत. जाळं म्हणजे सगळीकडनं दोरा. फासा म्हणजे फक्त जिथं पाय अडकणार तिथं दोरा. एक लांब दोरी, तिला ठराविक अंतरावर फास, प्रत्येक फासाला एक लाकडी खुंटी. गुंडाळली की वेटोळं होतं, काखेत मावतं. हरणासाठी तातीचे, म्हणजे जनावराच्या स्नायूंच्या दोऱ्याचे फास. मोरासारख्या मोठ्या पक्ष्यांच्या फासात गाभ्याला काळविटाच्या शिंगाची पातळ चीप घालायचे. ती चिवट आणि लवचीक असते, त्यामुळं फास उघडा उभा राहतो. मेलेल्या काळविटाचं शिंग पुढच्या शिकारीचं हत्यार झालं. बाजारातनं विकत आणायचं काहीच न्हाई.

व्हॅलेंटाईन बॉल नावाचा एक भूगर्भशास्त्रज्ञ हिंदुस्थानच्या जंगलातनं पायी हिंडायचा. 1880 साली त्याचं पुस्तक छापलं. पक्षी धरणारा माणूस रानात निघतो तेव्हा त्याच्याजवळ काय असतं ते त्यानं लिहून ठेवलंय: फासांच्या काही माळा, शिकवलेला एक बैल, आणि मातकट रंगाचा, डोळ्यापुरती भोकं पाडलेला कापडी पडदा. बस्स. मोरांचा थवा दिसला की पडदा आणि बैल यांच्या आडोशानं माणूस त्यांच्याभोवती फिरतो. बैलाच्या वेसणीची दोरी याच्या हातात. मोर चरत राहतात, कारण चरणारा बैल त्यांना रोजचा. तेवढ्यात हा भराभर खुंट्या ठोकून फासांची रांग लावतो, मग वळसा घालून पलीकडच्या अंगाला जातो आणि उघडा उभा राहतो. पक्षी पळतात ते थेट फासात.

इथं थांबून विचार करा. सामान वाहणारं जनावरच शिकाऱ्याचा आडोसा. आडोशाला वेगळं काही बांधायला नको, वाहायला नको. उलट तोच बैल येताना सामान आणणार, जाताना शिकार नेणार, आणि वाटेत चारा स्वतःचा स्वतः खाणार. आपण शेतकरी बैलाला नांगराला, कुळवाला, मोटेला वापरत आलो. पण बैल म्हणजे हरणाच्या नजरेत कुणी न्हाईच, ही गोष्ट पारध्यानं ओळखली. बैल किंवा गाय एवढी शांत शिकवायची की मालक पोटाखालनं वाकून चालला तरी बुजायची न्हाई, फास लागताना खुर पडायचं न्हाई. ज्यानं खोंड शिकवलाय त्यालाच हे काम किती अवघड ते कळेल.

हीच युक्ती राजेलोकांनी मोठ्या खर्चात केली. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून काळविटाची शिकार व्हायची. हिंदुस्थानातले चित्ते दुर्मिळ झाले तेव्हा आफ्रिकेतनं आणले. चित्त्याला शिकारीपर्यंत चालवत न्यायचं नसतं, तो थकतो. जुनी रीत म्हणजे सपाट बैलगाडीवर, डोळ्यांवर पट्टी बांधून बसवायचा. काळवीट बैलगाडीला भीत न्हाई. गाडी जवळ गेली की पट्टी काढायची. पारध्याचा एक बैल आणि संस्थानाची गाडी, दोन्हींमागचं डोकं एकच. फरक एवढाच की एकाच्या नावानं इतिहास झाला आणि दुसऱ्याच्या नावानं पोलीस दप्तर.

अजून दोन मंडळी सांगायची राहिली. वैदू कावड घेऊन चालायचे. खांद्यावर बांबू, दोन टोकांना शिंकी किंवा झोळ्या, एकीकडं औषधी मुळ्या, एकीकडं बाकीचं सामान. कावडीचा बांबू चालताना लवतो, पावलाच्या तालावर ओझं वरखाली होतं आणि खांद्याला सलग दाब बसत न्हाई. ज्यानं काशीची न्हाईतर शिंगणापूरची कावड खांद्यावर घेतलीय त्याला हे माहीत आहे. नंदीवाले कुत्री घेऊन फिरायचे. कुत्रं स्वतःच्या पायानं चालतं, त्याचं ओझं शून्य.

कैलास मल्होत्रा, खोमणे आणि माधव गाडगीळ यांनी 1983 साली या तिन्ही समाजांच्या शिकारीवर अभ्यास छापला. त्यात निघालं ते मला फार आवडतं. एकाच मुलुखातनं फिरून हे तिघं एकमेकांच्या शिकारीला फारसा हात लावत नसत. फासेपारधी फाशानं हरणं आणि पक्षी धरायचे. वैदू सापळ्यानं मुंगूस, उदमांजर असली बारकी जनावरं, आणि पाण्यातले मासे-कासवं. नंदीवाले कुत्री आणि भाल्यानं रानडुक्कर, साळिंदर, घोरपड. आमच्या चार भावकीत बांधावरनं कोर्ट चालतं, आणि इथं सातबारा नसलेल्या माणसांनी रान वाटून घेतलं होतं. मला वाटतं या वाटणीचं एक कारण ओझंही असणार. सगळी हत्यारं घेऊन कुणालाच चालता येत न्हाई.

आता हे सगळं थांबलं कसं.

आपला तासगाव तालुका इंग्रजी अमलात, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात. पण शेजार कसा होता? दक्षिणेला सांगली, मिरज ही पटवर्धनांची संस्थानं. पूर्वेला जतचे डफळे. आटपाडी औंधच्या पंतांकडं. पलीकडं कोल्हापूर. बैल घेऊन महिनाभर हिंडणारा माणूस चार राज्यांच्या हद्दी ओलांडायचा, आणि त्याच्या दृष्टीनं तो एकच माळ होता. सरकारला हे कसं रुचणार? जो एका जागी राहत न्हाई त्याच्याकडनं सारा घेता येत न्हाई आणि त्याची नोंद ठेवता येत न्हाई.

1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. 1911 साली तो नव्यानं केला आणि मुंबई इलाख्यातही लागू झाला. फासेपारध्यांची नावं त्यात गेली. नाव नोंदवायचं, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत झाली. ज्याचं सगळं कसब लांब चालण्यावर बेतलेलं, त्याचं चालणंच गुन्हा झालं. काखेतलं फासांचं वेटोळं, कालपर्यंत ज्यामुळं शेतकरी त्याला बोलवायचा की आमच्या हरभऱ्यात काळवीट शिरलंय, तेच आता झडतीत सापडलेलं पुरावा.

शेजारी कोल्हापुरात शाहू महाराजांनी वेगळं केलं. फासेपारध्यांना आसरा दिला, राखणीची आणि बांधकामाची कामं दिली. चार कोसांवर हद्द बदलली की माणूस गुन्हेगाराचा पहारेकरी व्हायचा, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

31 ऑगस्ट 1952 ला देशभर तो कायदा रद्द झाला. त्याच वर्षी सरकारनं देशातला चित्ता संपल्याचं जाहीर केलं. पुढं 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, काळवीट आणि मोर दोन्ही पूर्ण संरक्षणात. ते बरोबरच झालं, माझं त्यावर दुमत न्हाई. आपल्या माळावर काळवीट मी पाहिलेलं न्हाई, आज्जानं पाहिलेलं. माळ राहिलाच कुठं? पाणी आलं, द्राक्ष आलं, बेदाण्याची शेड उभी राहिली. हरणं बघायची तर सागरेश्वरला जायचं, 10.87 चौरस किलोमीटरच्या कुंपणात. पण कायदा करताना फासा हातातनं काढून घेतला आणि त्या हातात दुसरं काय द्यायचं हे बऱ्याच ठिकाणी ठरलंच न्हाई. जमीन न्हाई, जातीचा दाखला काढायला जुना कागद न्हाई, कारण बाप कुठल्याच गावचा नव्हता.

गेल्या हंगामात आमच्या शिवारात मोटारीच्या केबल चोरीला गेल्या. पहिली मोटारसायकल वळली ती ओढ्याकाठच्या पारध्याच्या पालाकडं. मीही होतो तिथं, आणि मी आडवा पडलो म्हणून वाद मिटला. केबल महिन्यानं दुसरीकडं सापडली. त्या पालातला म्हातारा आमच्या बागेत पाखरं राखायला असायचा. त्याला मी विचारलं, फास लावता येतो का? तो म्हणाला, बापाला यायचा. मग त्यानं चिंचेखाली बसून सुतळीच्या तुकड्यावर गाठ दाखवली. ओढली की आवळते, सैल सोडली की आपोआप उघडते. शिंगाची चीप नव्हती, म्हणून त्यानं बांबूची कामटी तासून घातली.