रंग आणि हालचाल: कीटकदृष्टीच्या शोधाचा इतिहास

कीटकांना रंग दिसतात की नाही, यावर विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत मोठा वाद होता. नेत्रतज्ज्ञ कार्ल फॉन हेस यांच्या मते मधमाश्या रंगांध होत्या. कार्ल फॉन फ्रिश यांना ते पटेना. माश्यांना रंग दिसत नसतील तर फुलांनी ते मिरवायचे कोणासाठी? त्यांनी राखाडीच्या फिक्या-गडद छटांच्या कागदांत एकच निळा कागद ठेवला आणि त्यावर साखरपाणी दिले. पुढे वाटी रिकामी ठेवली, कागदांच्या जागा बदलल्या, तरी माश्या निळ्यावरच उतरत राहिल्या. एखादी राखाडी छटा निळ्याइतकीच उजळ असणारच, पण गल्लत झाली नाही. १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग साधेपणामुळेच निर्णायक ठरला.

हालचालीचा अभ्यास वेगळ्या वाटेने गेला. बर्नहार्ड हासेनश्टाइन आणि वेर्नर रायशार्ट यांनी क्लोरोफॅनस नावाचा भुंगेरा पाठीने चिकटवून अधांतरी धरला आणि त्याच्या पायांत फाटे असलेल्या पट्ट्यांचा हलका गोल दिला. भुंगेरा जागीच राही, गोल फिरे आणि प्रत्येक फाट्यावर त्याला डावे की उजवे हे ठरवावे लागे. भोवतीचे पट्टे सरकवले की त्याची निवड कुठे झुकते, एवढेच मोजायचे. त्यातून १९५६ मध्ये एक प्रारूप पुढे आले. शेजारच्या दोन बिंदूंपैकी एकाचा संकेत किंचित उशिरा पोचतो आणि दुसऱ्याच्या संकेताशी गुणला जातो. त्यावरून दिशा ठरते. या गणितात रंगाला जागाच नव्हती.

१९७० च्या दशकात मधमाश्यांभोवती रंगीत पट्टे फिरवून पाहिले गेले. पट्ट्यांबरोबर माशीचे वळणे जवळजवळ केवळ हिरव्या प्रकाशग्राहकांवर अवलंबून निघाले. त्या ग्राहकांना सारखेच उजळ भासणारे दोन रंग घेतले, की माशी वळत नसे. फ्रिश यांची रंग ओळखणारी माशी हालचाल पाहताना मात्र रंगांध होती.

रंग आणि हालचालीची हीच फारकत पुढे फळमाशीत तपासली गेली. तिच्या संयुक्त डोळ्याच्या प्रत्येक घटकात, म्हणजे नेत्रिकेत, आठ ग्राहक असतात. बाहेरचे सहा हालचालीसाठी आणि मधले दोन रंगासाठी, ही वाटणी २००८ च्या प्रयोगांनी पक्की झाल्यासारखी वाटली. २०१२ मध्ये ती डळमळली: मधल्या दोघांचे संकेतही हालचालीच्या मार्गात मिसळतात, असे दिसले. २०२३ मधील संशोधनानुसार उजळत्या कडा टिपणारा आणि काळवंडत्या कडा टिपणारा, हे दोन मार्ग अतिनील व हिरव्या प्रकाशाला सारख्या प्रमाणात प्रतिसाद देत नाहीत. त्यामुळे एखादी रंगीत वस्तू एका मार्गाला पार्श्वभूमीत मिसळलेली भासली, तरी ती जवळ येत असल्याचे दुसऱ्या मार्गाला कळू शकते.