साठ नॅनोसेकंद आणि एक ढिला कनेक्टर

मंडळी, गेल्या वर्षी मी तीन दिवस एका सहकाऱ्यावर डूख धरून होतो. माझ्या फायली तोच मुद्दाम ओव्हरराइट करतोय अशी खात्रीच पटली होती. शेवटी निघालं काय, तर सर्व्हरचं घड्याळ पाच मिनिटं मागे! चहा पाजून माफी मागितली. असो. घड्याळानं फसलेला मी काही पहिला नाही.

२३ सप्टेंबर २०११. ऑपेरा प्रयोगाच्या शास्त्रज्ञांनी जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये निकाल मांडला. सर्नहून निघालेले न्यूट्रिनो ७३० किलोमीटरवर, इटलीतल्या ग्रान सास्सो डोंगराखाली, प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचत होते! आइन्स्टाइन गोत्यात म्हणून जगभर एकच कल्ला. जादा मिती काय, नवं भौतिकशास्त्र काय, पेपरांचा नुसता पाऊस.

गरज नसताना गृहीतकं वाढवू नका, हा विचार १४व्या शतकातल्या ओकहॅमच्या विल्यमच्या नावानं ओळखला जातो. इथे तर पुरावाही हाताशी होता. १९८७ साली सुमारे १.६८ लाख प्रकाशवर्षं दूरचा तारा फुटला, तेव्हा त्याचे न्यूट्रिनो प्रकाशाच्या दोन-तीन तासच आधी आले होते, आणि तेही प्रकाशाला ताऱ्यातून बाहेर पडायला वेळ लागतो म्हणून. ऑपेराचा वेग असता तर ते चार वर्षं आधी आले असते. (त्यांची ऊर्जा बरीच कमी होती, हे मान्य.)

फेब्रुवारी २०१२ मध्ये उलगडा झाला. जीपीएसची वेळ आणणाऱ्या फायबर केबलचा कनेक्टर नीट बसलाच नव्हता! शिवाय घड्याळात दुसरी एक चूक होती, ती उलट्या दिशेची. म्हणजे साधं उत्तरही अगदीच एकपदरी नव्हतं.

मला वाईट वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. या लोकांनी शोधाचा दावा केलाच नव्हता. महिनोन्‌महिने तपासलं, चूक सापडत नाही, आता तुम्ही बघा, एवढंच म्हणणं होतं. तरी गटात आधीपासून धुसफूस होतीच, काहींनी पेपरवर सही केली नव्हती. मार्च २०१२ मध्ये अविश्वासाचं मतदान झालं आणि प्रमुख अँतोनियो एरेदितातो यांनी राजीनामा दिला.

मे महिन्यात पुन्हा मोजलं, वेग प्रकाशाइतकाच. मुळात ऑपेरा बांधला होता तो म्युऑन न्यूट्रिनोचा टाऊ न्यूट्रिनो होताना पकडायला. २०१५ साली पाचवा टाऊ सापडला आणि ते काम फत्ते झालं. ती बातमी मात्र आमच्या ऑफिसात कुणीच फॉरवर्ड केली नाही.