पाणी किती गढूळ आहे हे सेन्सरला कसं कळतं?

पावसाळा सुरू झाला की अनेक ठिकाणी नळाला मातकट पाणी येतं आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बादल्यांचे फोटो पडायला लागतात. पण फोटो बघून फक्त "खूपच गढूळ आहे" एवढंच म्हणता येतं. नेमकं किती, हे टर्बिडिटी सेन्सर सांगतो.

सकाळी खिडकीतून उन्हाची तिरीप आत आली की तिच्यात धुळीचे कण चमकतात ना, तेच तत्त्व इथे आहे. सेन्सरमध्ये एका बाजूने एलईडीचा प्रकाश पाण्यात सोडतात. त्या किरणाला ९० अंशांच्या कोनात एक फोटोडायोड बसवलेला असतो. पाणी नितळ असेल तर प्रकाश सरळ निघून जातो, फोटोडायोडला जवळजवळ काहीच दिसत नाही. माती, शेवाळ, गाळ असेल तर प्रकाश कणांवर आपटून विखुरतो आणि त्यातला काही फोटोडायोडवर पडतो. जितके कण जास्त, तितका सिग्नल मोठा. हा आकडा एनटीयूमध्ये मोजतात.

आयएसओ ७०२७ या पद्धतीत ८६० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड प्रकाश वापरतात. कारण साधं आहे: पाण्याला नुसता रंग असेल तर दिसणारा प्रकाश त्यात शोषला जातो आणि रीडिंग चुकतं. इन्फ्रारेडला रंगाचा फारसा फरक पडत नाही. (यापूर्वी काचेच्या नळीखाली मेणबत्ती पेटवून, तिची ज्योत वरून दिसेनाशी होईपर्यंत नळीत पाणी ओतत. मला ही पद्धत भारी वाटते!)

आता हा आकडा इतका महत्त्वाचा का? आपल्या आयएस १०५०० मानकानुसार पिण्याच्या पाण्यात गढूळपणा १ एनटीयूपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालतो. गढूळ पाण्यात जंतू कणांच्या आड लपतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणजे औषध टाकलंय, पण काम अर्धवट. गंमत म्हणजे साधारण ४ एनटीयूच्या खाली आपल्या डोळ्यांना पाणी स्वच्छच दिसतं.

अर्डुइनोसाठी जे स्वस्त मॉड्यूल मिळतात, ते बहुतेक वॉशिंग मशीन आणि डिशवॉशरमधल्या सेन्सरसारखे असतात. ते विखुरलेला नाही, तर आरपार आलेला प्रकाश मोजतात. पाणी गढूळ झालं की व्होल्टेज कमी होतं. कॉलेजच्या प्रोजेक्टला झकास, पण १ आणि ५ एनटीयूमधला फरक त्यावर सांगू नका. बुडबुडे, बाहेरचा उजेड किंवा काचेवर बसलेलं शेवाळ यांनीही रीडिंग बिघडतं. म्हणूनच नदीत कायम ठेवायच्या चांगल्या सेन्सरला काच पुसायला छोटा वायपर असतो. शिवाय फॉर्मॅझिन नावाच्या ठरावीक द्रावणाने कॅलिब्रेशन केल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

घरी बघायचंय? काचेचा ग्लास भरा, अंधार करा, मोबाइलचा टॉर्च एका बाजूने लावा आणि काटकोनातून बघा. पाण्यात प्रकाशाचा पट्टा ठळक दिसला तर कण आहेत. आकडा मात्र मिळणार नाही.

आणि हो, ऑनलाइन मिळणारा टीडीएस मीटर यासाठी घेऊ नका. तो पाण्याची विद्युतवाहकता बघून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, तरंगणारी माती त्याला दिसत नाही. उलट टर्बिडिटी सेन्सरला विरघळलेलं फ्लोराइड किंवा नायट्रेट दिसत नाही. त्यासाठी पाण्याची वेगळी तपासणी करावी लागते.