बुटाखालची पाचर

अल्पाइन स्नोबोर्ड ही कडेवर उभं राहून, बर्फात वळणं कोरत वेगाने उतरण्यासाठी केलेली लांबट, अरुंद फळी. तिच्यावर दोन प्लेटा बसवतात आणि प्लास्टिकचा टणक बूट चवड्याशी नि टाचेशी धातूच्या कड्यांनी त्या प्लेटांत अडकवतात. प्लेट आणि फळी यांच्यामध्ये पुष्कळदा एक पाचर असते. पुढच्या पायाखाली ती चवडा उचलते, मागच्या पायाखाली टाच, आणि कधी दोन्ही बूट किंचित आतल्या अंगाला कलते करते. ही पाचर सोयीसाठी घातलेलं जादा सामान आहे, असं पुष्कळांना वाटतं. तिचं कूळ तपासलं तर मला ती टणक बुटाची भरपाई वाटते. बुटाने घोट्याची हालचाल काढून घेतली. त्यातला काही भाग पाचरीने परत दिला.

या खेळाच्या उगमाशी पाचरीची गरजच नव्हती. १९६५ च्या नाताळात मिशिगनमधल्या मस्कीगन गावी शर्मन पॉपेनने दोन स्की शेजारीशेजारी जोडून मुलींसाठी ‘स्नर्फर’ केला. त्यावर पाय बांधायला काही नव्हतं, पुढे धरायला फक्त दोरी होती. १९७० च्या दशकाअखेर जेक बर्टन कार्पेंटरने फळीला पट्टे लावले, पण त्यांतला बूट मऊच असल्याने घोटा हवा तसा वळे. टणक बूट आला तो स्कीइंगकडून. बॉब लँगने १९६० च्या दशकात अमेरिकेत प्लास्टिकचे स्कीबूट बाजारात आणले, आणि १९८० च्या दशकात आल्प्समधल्या कठीण, गोठलेल्या उतारांवर युरोपीय स्नोबोर्डवाल्यांनी तसलेच टणक बूट फळीवर चढवले. स्कीबुटाच्या तळाला पुढेमागे ठरावीक मापाचे ओठ असतात, त्यामुळे कडी अडकवायला जागा आयतीच मिळाली. पाचरही स्कीवाल्यांच्या ओळखीची होती. वॉरन विदरेलने १९७२ च्या ‘हाऊ द रेसर्स स्की’ या पुस्तकात तिचा जोरदार पुरस्कार केला होता. तिथे मात्र तिचं काम वेगळं होतं. कुणाचे पाय धनुकलीसारखे वाकलेले असतात, कुणाचे गुडघे एकमेकांना घासतात; अशा माणसाची स्की बर्फावर सपाट बसावी म्हणून ती घालत. व्यक्तीच्या शरीरातला फरक भरून काढणारी ही वस्तू स्नोबोर्डवर आल्यावर सगळ्यांना सारख्याच भेडसावणाऱ्या अडचणीवरचा उपाय झाली.

ती अडचण भूमितीची आहे. स्कीवर दोन्ही पाय स्वतंत्र असतात. स्नोबोर्डवर ते एकाच फळीला, एकमेकांपासून साधारण ४५ ते ५० सेंटिमीटरवर पक्के केलेले असतात, आणि खुब्यांमधलं अंतर त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे दोन्ही पाय वर जाताना एकमेकांकडे झुकणारच. मऊ बुटात हा कल घोटा सांभाळतो. टणक बुटात नडगीला बूट नेईल तिकडे जावं लागतं. प्लेट सपाट असेल तर गुडघे दूर राहतात आणि वळणात शरीर खाली घेणं अवघड होतं. आता हा कल कोणत्या दिशेला द्यायचा? अल्पाइन फळीची कंबर, म्हणजे मधली रुंदी, १८ ते २० सेंटिमीटर आणि बुटाचा तळ तीस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणून बूट आडवा ठेवला तर चवडा नि टाच कडेबाहेर येऊन बर्फात घासतात. तो फळीच्या नाकाकडे वळवावा लागतो, बहुधा आडव्या रेषेपासून ५५ ते ६५ अंश. समजा फळीच्या लांबीच्या दिशेने प्रत्येक पायाला ६ अंश कल हवा आहे. बूट ६० अंशांवर असेल तर त्यातले ५.२ अंश चवडा-टाचेच्या उंचीत जातात आणि ३ अंश बुटाच्या बाजूच्या झुकावात. बूट ४५ अंशांवर ठेवला की दोन्ही वाटे ४.२ अंशांचे होतात. म्हणून पायांतलं अंतर आणि कोन आधी ठरवून मगच पाचरीला हात लावावा. उलट्या क्रमाने जाणारा माणूस दिवसभर स्क्रू पिळत बसतो.

पाय आणि फळी जुळवण्याच्या या प्रश्नाला एक प्रतिस्पर्धी उत्तरही होतं. १९८० च्या दशकाअखेर असममित फळ्यांची लाट आली. स्वित्झर्लंडचा जोझे फर्नांडिस हा त्यांचा सुरुवातीचा पुरस्कर्ता. पाय तिरके असल्याने चवडे पुढे आणि टाचा मागे पडतात, मग टाचेकडच्या कडेची कमानही मागे सरकवा, असा तो विचार. तर्क बिनचूक होता, आणि तरी तो मागे पडला. डावा पाय पुढे ठेवणाऱ्यासाठी एक साचा आणि उजवा ठेवणाऱ्यासाठी दुसरा, हा कारखान्याचा खर्च एक. त्याहून मोठं कारण असं, की फळ्या अरुंद होत गेल्या, बूट आणखी नाकाकडे वळले आणि असममितीची गरजच फारशी उरली नाही. फळीत एकदा घातलेली दुरुस्ती बदलता येत नाही. पाचर चार स्क्रू काढून बदलता येते.

पाचरीच्या गरजेवर पहिला आक्षेप असा, की सुरुवातीचे कितीतरी शर्यतपटू सपाट प्लेटांवरच जिंकले. खरं आहे; पण त्यांतल्या अनेकांच्या पायात गिर्यारोहणाचे तुलनेने लवचिक बूट होते, म्हणजे घोटा पुरता गेलेला नव्हता. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. वळणात फळी स्वतःच धनुष्यासारखी वाकते, पुढचा चवडा नि मागची टाच आपोआप उचलली जाते, मग पाचर कशाला? मापून बघू. कडेच्या कमानीची त्रिज्या १२ मीटर आणि फळी बर्फावर ६० अंश कललेली धरली, तर फळीच्या वाकण्यातून प्रत्येक पायाला जेमतेम २ अंश मिळतात, आणि एका कडेवरून दुसरीवर जाताना, जेव्हा तोल सर्वांत नाजूक असतो, तेव्हा तेही राहत नाहीत. पुढे शर्यतींत फळीच्या वर लांब, ताठ प्लेट बसवून तिच्यावर बाइंडिंग, म्हणजे बूट अडकवायच्या प्लेटा नि कड्या, ठेवण्याची पद्धत आली. तिच्यामुळे फळी पायांखाली मोकळेपणाने वाकते आणि ते वाकणं पायांपर्यंत फारसं पोचत नाही. आक्षेप घेणाऱ्यांचे २ अंशही तिथे बहुतांशी संपतात. तिसरा प्रश्न : मग बूटच मऊ का करू नये? थोडासा केलाही आहे. बुटाच्या मागच्या ठाम कुलपाऐवजी स्प्रिंग बसवतात, त्याने नडगीला पुढेमागे हलायला वाव मिळतो. पण बाजूचा ताठपणा सोडला तर अरुंद फळीची कड गोठलेल्या बर्फावर धरत नाही, आणि कड धरण्यासाठीच तर हा बूट घेतला होता.

मऊ बुटांच्या बाइंडिंगांतही आता कलते तळ मिळतात, तेव्हा पाचरीचा टणक बुटाशी काय संबंध, असंही कुणी म्हणेल. तिथला कल साधारण दोन-तीन अंशांचा असतो, गुडघ्यांना आराम देतो आणि काढून टाकला तरी चालतं. टणक बुटात तो काढला की उभं राहण्याची ढबच बदलते. आतल्या झुकावाबद्दल मात्र वाद अजून चालू आहे. काही जण तो दोन्ही पायांना देतात, काही फक्त मागच्या, तर काही चवडा-टाच उचलून थांबतात. यातला बराचसा वाद कोनाचा आहे. बूट ७० अंशांवर नेला की त्याच ६ अंशांतले जेमतेम २ बाजूला उरतात. ते सोडून दिले तरी गुडघा सहसा कुरकुरत नाही. ५० अंशांवर उभ्या असणाऱ्याच्या वाट्याला जवळजवळ ४ येतात, आणि त्याने ७० अंशवाल्याचा सल्ला ऐकला तर तो संध्याकाळपर्यंत गुडघा चोळत बसतो.