ओ देणारा प्रेक्षक

नाताळच्या सुटीत मुलांना घेऊन इंग्रजी नाटकाला जाणारी मराठी कुटुंबे बंगळूरमध्ये आढळतात. तेथील खेळ मोठा गमतीचा असतो. पात्रे प्रेक्षकांना प्रश्न विचारतात, मुले ओरडून उत्तरे देतात, एखाद्या मुलाला थेट रंगमंचावर बोलावण्यात येते. खलपुरुष नायकाच्या पाठीमागून हळूच येऊ लागला की सारे प्रेक्षागृह नायकाला सावध करते. बरोबर आलेल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींना हा प्रकार नवा आणि काहीसा उथळ वाटतो. नाटकात बोलू नये, असे ते नातवंडांना दटावतात. परंतु इतिहास पाहू गेल्यास नवी आहे ती गप्प बसण्याची रीत. ओ देणारा प्रेक्षक फार जुना आहे.

ह्या खेळाचे मूळ लंडनच्या पँटोमाइममध्ये सापडते. अठराव्या शतकात जॉन रिच ह्याने मूक हार्लेक्विनचे खेळ लोकप्रिय केले. पुढे जोसेफ ग्रिमाल्डी (१७७८–१८३७) ह्या विदूषकाने त्यांत प्राण ओतला. गद्य संवादांचे नाटक करण्याची सनद तेव्हा लंडनमधल्या मोजक्याच नाटकगृहांपाशी होती. इतरांनी गाणी, नाच व हावभाव ह्यांवर भागवावे, असा दंडक. १८४३ च्या कायद्याने ही मिरासदारी मोडली आणि सगळ्याच नाटकगृहांना वाचा फुटली.

त्याच १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगविले. दोन घटनांचा परस्परसंबंध काहीच नाही. भाव्यांना प्रेरणा मिळाली ती कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांवरून; आपल्या नाटकाचा एक धागा असा कानडी मुलखातूनच आलेला आहे. त्या काळी सूत्रधार पदे म्हणे, पात्रे आयत्या वेळी सुचेल ते बोलत आणि राक्षस आरोळ्या ठोकीत प्रवेश करीत. पुढच्या शहाण्या पिढीने ह्या नाटकांना ‘अललडुर्र’ म्हणून हिणवले. मला त्यात हिणवण्याजोगे काही दिसत नाही.

पँटोमाइममध्ये थोराड पुरुष नट लुगड्याऐवजी झगा नेसून म्हातारीचे सोंग आणतो व प्रेक्षकांची थट्टा करतो. आपल्या तमाशातील गौळणीत मावशी येते, तीही अशीच पुरुषाने वठविलेली. कोकणातील दशावतारात काळ्या वेषातला संकासुर लाल जीभ लोंबवीत येतो आणि लोकांची मस्करी करतो. वेंगुर्ल्याकडची एखादी आजी बंगळूरच्या प्रेक्षागृहात बसली, तर इंग्रजी शब्द तिला कळणार नाहीत, पण सोंग ती तत्काळ ओळखील. घरातली नातवंडे इंग्रजीत बोलतात आणि आजी मालवणीत, अशा कुटुंबात तिघी पिढ्यांनी एकाच वेळी हसण्याचे प्रसंग फार येत नाहीत.

बंगळूरला ह्या दोन्ही परंपरा शेजारी शेजारी नांदल्या. १८०९ च्या सुमारास इंग्रजांनी येथे लष्करी छावणी वसविली. जुनी पेठ एकीकडे, छावणी दुसरीकडे. दोन्ही भागांची मिळून एक महापालिका झाली ती १९४९ साली. छावणीत चर्च, नाताळ आणि इंग्रजी करमणूक होती. पेठेच्या बाजूस कानडी नाटक कंपन्यांचे खेळ रंगत. त्या कंपन्यांतील नामवंत गुब्बी वीरण्णा हे स्वतः विनोदी नट होते.

मग प्रेक्षक गप्प केव्हा झाला? १८७६ मध्ये वाग्नरने बायरॉइटच्या नाट्यगृहात प्रेक्षकांवरचे दिवे मालवले. अंधारात बसलेला माणूस आपोआप मुका होतो. आपल्याकडे ‘वन्समोअर’च्या आरोळ्यांनी एकच पद पुनःपुन्हा गाऊन घेणारा प्रेक्षक होता. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’पासून वास्तववादी नाटकाचे वारे वाहू लागले आणि हळूहळू तोही शिस्तीत बसला. त्या शिस्तीने आपल्याला चांगली नाटके दिली, हे मान्य. पण मुलांच्या नाटकालाही तीच लागू करणे हा जुलूम होय.

२७ डिसेंबर १९०४ रोजी लंडनमध्ये ‘पीटर पॅन’चा पहिला प्रयोग झाला. त्यात टिंकर बेल ही परी विष पिऊन मरणास टेकते. परीवर विश्वास असेल तर टाळ्या वाजवा, असे पीटर प्रेक्षकांना विनवितो. लेखक जे. एम. बॅरी यांना धास्ती होती की कोणीच टाळी वाजविणार नाही. म्हणून त्यांनी वादकांना, गरज पडल्यास तुम्ही वाजवा, असे सांगून ठेवले होते. वादकांची गरज पडली नाही. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पीटरचे काम करणाऱ्या नीना बूसिको यांना रडू कोसळले.

बंगळूरच्या जे. पी. नगरमध्ये २००४ साली अरुंधती नाग यांच्या प्रयत्नांनी ‘रंगशंकर’ हे नाट्यगृह उभे राहिले. ज्यांच्या स्मरणार्थ ते आहे, त्या शंकर नाग यांनी तरुणपणी मुंबईत मराठी नाटकांतून कामे केली होती. तेथील रंगमंच प्रेक्षकांत पुढे सरकलेला आहे, त्यामुळे नट हाताच्या अंतरावर वाटतो. उशिरा येणाऱ्यास मात्र तेथे आत घेत नाहीत. तेव्हा मुलांना घेऊन जायचे तर त्या शहरातील वाहनांची गर्दी लक्षात घेऊन घरून लवकर निघावे, आणि आत गेल्यावर नातू ओरडू लागला तर आजोबांनी त्याचा हात ओढू नये.